लिफ्ट न केलेल्या पिकअपला ऑल-टेरेन टायर: माप कोणत्या क्रमाने ठरवायचं

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी रिम आवडते, मग त्या रिमवर शोभेल असा जाड टायर शोधला जातो, तो बसवला जातो आणि पहिल्या खड्ड्यात किंवा पहिल्या यू-टर्नला तो आत घासायला लागतो. मग कोणीतरी सुचवतं, "दोन इंच लिफ्ट कर." टायर बदलायला निघालेला माणूस अशा रीतीने सस्पेन्शन बदलून घरी येतो.

लिफ्ट न करता, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच न करता, चांगला ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचा) टायर बसतो. त्यासाठी आधी वजन, मग व्यास, मग प्रत्यक्ष जागा, त्यानंतर रिम आणि शेवटी टायरची जात व नक्षी, या क्रमाने निर्णय घ्यावे लागतात. उदाहरणं मी आपल्याकडे खाजगी वापरात जास्त दिसणाऱ्या दोन पिकअपची घेतो: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (मूळ टायर 255/60 आर18) आणि टोयोटा हायलक्स (प्रकारानुसार 265/65 आर17 किंवा 265/60 आर18). गाडी दुसरी असली तरी हिशोब हाच.

## 1. तयारी: दुकानात जाण्याआधी घरी करायचं काम

लागणाऱ्या वस्तू: मोजपट्टी, खडू, मुलांची रंगीत माती (खेळण्यातली, न वाळणारी), टॉर्च, जॅक आणि वही.

पुढच्या नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी बघून करा, इंटरनेटवरून उचलू नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत फरक असतो.

- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचं टायरचं माप आणि हवेचा दाब. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असेल तर दोन्ही.
- सध्याच्या टायरवरचं पूर्ण लिखाण, मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर यांसह. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स, अक्षर म्हणजे वेगमर्यादा.
- रिमच्या आतल्या बाजूला ओतलेले किंवा कोरलेले आकडे: रुंदी (उदाहरणार्थ 7.5 जे) आणि ऑफसेट (ईटी किंवा + चिन्हापुढचा आकडा).
- नट बाहेर काढून त्याचा रिमला टेकणारा भाग कसा आहे: शंकूसारखा निमुळता, की चपट्या वॉशरचा.

तपासा: सध्याचे टायर स्टिकरशी जुळतात का? गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाने माप बदललेलं असू शकतं. पुढचा सगळा हिशोब स्टिकरवरच्या मापाशी करायचा, गाडीला आत्ता असलेल्या टायरशी नाही.

## 2. पहिला निर्णय वजनाचा

पिकअप ही ओझं वाहणारी गाडी आहे. इथे लोक एसयूव्हीसारखा विचार करतात आणि चुकतात.

लोड इंडेक्स म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती किलो पेलू शकतो याचा सांकेतिक आकडा. 110 म्हणजे 1,060 किलो, 112 म्हणजे 1,120, 113 म्हणजे 1,150, 116 म्हणजे 1,250 आणि 121 म्हणजे 1,450. नवीन टायरचा इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको, मग नक्षी कितीही देखणी असो. एकाच मापात दोन कंपन्यांचे टायर वेगवेगळ्या इंडेक्सचे मिळतात, त्यामुळे "माप तेच आहे" एवढ्यावर थांबू नका.

मागे कॅनोपी, पाण्याची टाकी, तंबू, शेतीची अवजारं असं काही कायम असेल तर एकदा वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा. मागच्या आसावरचं वजन भागिले दोन, म्हणजे एका टायरवरचा भार. गाडी नेहमीच्या सामानासकट आणि माणसांसकट तोलायची. रिकाम्या पिकअपचं मागचं वजन फसवं असतं, कारण इंजिन पुढे आणि मागे नुसता पत्रा.

चूक: वेगमर्यादेचं अक्षर न बघणं. क्यू म्हणजे ताशी 160 किमी, आर 170, एस 180, टी 190, एच 210. जाड ऑल-टेरेन टायर बहुधा खालच्या अक्षराचे असतात. आपल्या रस्त्यांवर तो वेग गाठायचा नसला तरी हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो याच्याशी बांधलेलं आहे, आणि मे महिन्यात समृद्धी महामार्गावर भरलेली गाडी तासन्‌तास चालवणाऱ्याला त्याचा थेट संबंध आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अक्षराखाली जाऊ नका.

## 3. व्यासाचा हिशोब

सूत्र साधं आहे. रुंदी × प्रोफाइल ÷ 100 केलं की साईडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची मिळते. ती दुप्पट करा आणि त्यात रिमचे इंच × 25.4 मिळवा.

255/60 आर18: 255 चे 60 टक्के 153. दुप्पट 306. त्यात 457.2 मिळवले की 763.2 मिमी.

याच पद्धतीने काढलेले काही व्यास:

- 265/60 आर18: 775.2
- 265/65 आर17: 776.3
- 255/65 आर17: 763.3
- 255/65 आर18: 788.7
- 265/70 आर17: 802.8
- 285/70 आर17: 830.8

आता मूळ व्यासाशी टक्केवारी काढा. लिफ्ट न केलेल्या गाडीला मी 3 टक्क्यांची वाढ ही व्यवहारातली हद्द मानतो. व्ही-क्रॉसला 265/60 आर18 म्हणजे 1.6 टक्के वाढ, 255/65 आर18 म्हणजे 3.3 टक्के. हायलक्सला 265/70 आर17 म्हणजे 3.4 टक्के. हे दोन्ही काठावरचे: बसू शकतात, पण पुढच्या टप्प्यातली मोजणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. 285/70 आर17 हायलक्सला 7 टक्क्यांनी मोठा. तो विषय लिफ्टशिवाय सोडून द्या.

वरची यादी पुन्हा बघा. 255/60 आर18 आणि 255/65 आर17 यांच्या व्यासात फरक जवळपास शून्य, पण दुसऱ्याची साईडवॉल 153 ऐवजी 166 मिमी. हायलक्सच्या 18 इंची प्रकारालाही 265/65 आर17 हा फक्त 1 मिमीने वेगळा. व्यास न वाढवता, स्पीडोमीटर न बिघडवता, गाडी न उचलता दगडगोट्यांत वाचवणारं जास्त रबर मिळवायचा हा मार्ग आहे: एक इंच लहान रिम. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर साईडवॉल फाटलेला ज्याने बघितलाय त्याला या 13 मिमीची किंमत कळते. माझ्या मते लिफ्ट न करणाऱ्यासाठी हाच सर्वांत शहाणा बदल आहे, आणि तोच सर्वांत कमी लोक करतात, कारण लहान रिम डोळ्यांत भरत नाही.

गैरसमज: "टायर इंचभर मोठा म्हणजे गाडी इंचभर उंच." नाही. उंची वाढते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी. 776 वरून 803 ला गेलात तर डिफरेन्शियलखाली (आसाच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखाली) मिळतात 13 मिमी. तेवढ्यासाठी गिअरिंग जड होतं आणि मायलेज घटतं. त्यात ओडोमीटर किलोमीटर कमी मोजतो, त्यामुळे मायलेज प्रत्यक्षाहूनही कमी दिसतं. 3.4 टक्के मोठ्या टायरवर 1,000 किमी दिसले तर गाडी 1,034 चालली आहे.

## 4. प्रत्यक्ष जागा मोजणं

हा टप्पा सावकाश करा. एक रविवार द्या.

गाडी सपाट जागी उभी करा. पुढची चाकं सरळ असताना टायरभोवती सगळीकडे बोट फिरवा आणि सर्वांत अरुंद जागा मोजा. मग स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून पुन्हा, पूर्ण उजवीकडे फिरवून पुन्हा. टॉर्च घेऊन खाली वाकून ही ठिकाणं बघा:

- पुढच्या चाकाच्या मागे, केबिनच्या पत्र्याची जोडपट्टी आणि मडफ्लॅप. घासण्याची सर्वाधिक प्रकरणं इथली.
- चाकाच्या पुढे, बंपरच्या आतल्या टोकाकडचं प्लास्टिकचं लायनर.
- आतल्या बाजूला, वरचा कंट्रोल आर्म (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) आणि फुल लॉकला, म्हणजे स्टीअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना, अँटीरोल बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा).
- साईड स्टेपचा ब्रॅकेट, बाहेरून बसवलेली असेल तर.

मागे पट्ट्यांचे स्प्रिंग असल्यामुळे बहुधा भरपूर जागा असते. तिथे फक्त टायर आणि स्प्रिंग यांच्यामधली आडवी जागा बघा.

आता हिशोब. व्यास 26 मिमीने वाढला तर टायर सगळ्या दिशांनी 13 मिमी जवळ येतो. रुंदी 255 वरून 265 झाली तर रिम तीच असताना दोन्ही बाजूंनी 5-5 मिमी. ऑल-टेरेनच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात, म्हणून आणखी 5 मिमी धरा. हे सगळं वजा करून फुल लॉकला किमान 20 मिमी उरली पाहिजे, असं मी धरतो.

उभ्या गाडीवरचं माप पुरेसं नाही. एक पुढचं चाक मजबूत, रुंद लाकडी ठोकळ्यावर किंवा उंच फुटपाथच्या कडेवर हळू चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. संशय असलेल्या ठिकाणी रंगीत मातीचे गोळे चिकटवा, कोणाला तरी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि मग गोळे किती दबले ते मोजा. मातीवरचा ठसा म्हणजे तुमची खरी जागा.

सावधान: माणूस स्टीअरिंग फिरवत असताना चाकाजवळ हात घालायचा नाही. गाडी फक्त जॅकवर असताना खाली जायचं नाही, घोडी लावायची.

माझ्या स्वतःच्या गाडीला मी पुढे जाताना सगळं तपासलं होतं आणि रिव्हर्समध्ये फुल लॉक तपासायचं राहिलं. घराच्या उतारावरून मागे घेताना टायर जोडपट्टीला लागला आणि खांद्यावरचा एक ठोकळा कापला गेला. पुढे जाताना आणि मागे जाताना चाक सस्पेन्शनच्या रबरी बुशवर वेगवेगळं, किंचित सरकतं, तेवढं पुरतं. म्हणून चाचणी दोन्ही दिशांनी.

## 5. रिम: बदलायची का, आणि बदलली तर कोणती

मूळ रिमवर हवा तो टायर नीट बसत असेल तर रिम बदलू नका. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा कंपनीने दिलेली असते. 265/65 आर17 ला साधारण 7.5 ते 9.5 इंच. मूळ 7.5 ची रिम त्यात बसते, मग खर्च कशाला?

बदलायचीच असेल तर गाठ पडते ऑफसेटशी. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर. आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. चाक किती बाहेर जाईल ते असं काढा: रुंदीतला फरक (मिमीत) भागिले दोन, अधिक जुना ऑफसेट वजा नवा ऑफसेट.

समजा मूळ रिम 7.5 इंच, ऑफसेट +30. नवी 8 इंच, +20. रुंदीतला फरक 12.7 मिमी, निम्मे 6.35. त्यात 10 मिळवले की चाक 16 मिमी बाहेर. चालेल. पण दुकानात सर्वांत दिमाखदार दिसणारी 9 इंच, ऑफसेट 0 घेतली तर 19 अधिक 30, म्हणजे चाक तब्बल 49 मिमी बाहेर.

इथेच लोकांचा अंदाज चुकतो. वाटतं की चाक बाहेर गेलं म्हणजे आत जागा झाली, घासणार नाही. कंट्रोल आर्मपाशी जागा होते हे खरं. पण चाक स्टीअरिंगच्या वळणाच्या अक्षापासून लांब गेल्यामुळे वळताना मोठा गोल घेतं, आणि टायरचा मागचा कोपरा थेट जोडपट्टीवर, पुढचा कोपरा बंपरवर येतो. मूळ रिमवर निवांत बसलेला टायर अशा रिमवर घासतो. शिवाय व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं, आणि टायर मडगार्डच्या बाहेर आला तर चिखल खिडकीपर्यंत उडतो. लिफ्ट न केलेल्या गाडीला ऑफसेट मूळच्या 10-15 मिमीच्या आत ठेवा. स्पेसर लावून चाक बाहेर काढणं म्हणजे हीच चूक वेगळ्या वाटेने करणं.

रिम घेताना बाकीच्या गोष्टी: दोन्ही गाड्यांना सहा नट, 139.7 मिमीच्या वर्तुळावर. मधलं भोक हबपेक्षा लहान चालत नाही. हायलक्सचा हब 106.1 मिमीच्या भोकासाठी आहे. भोक मोठं असेल तर त्या मापाची हब रिंग घ्या. रिमवर तिची भारक्षमता कोरलेली असते, ती दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या भारापेक्षा जास्त हवी. टोयोटाच्या मूळ अलॉयचे नट चपट्या वॉशरचे असतात, बाजारातल्या बहुतेक रिमना निमुळते लागतात. चुकीचे नट बसल्यासारखे वाटतात आणि नंतर ढिले होतात.

तपासा: लहान रिम घेत असाल तर टायर चढवण्याआधी नुसती रिम पुढच्या हबवर बसवून हाताने पूर्ण फिरवा. ब्रेक कॅलिपर आणि रिम यांच्यात 3 मिमी तरी फट दिसायला हवी. टायर चढवलेली रिम कोणताही दुकानदार परत घेत नाही.

## 6. टायरची जात आणि नक्षी

साधा पॅसेंजर बांधणीचा ऑल-टेरेन, की मापापुढे "एलटी" (लाइट ट्रक) लिहिलेला जाड बांधणीचा? एलटी टायर दगडात टिकतो, पण एकेक टायर चारपाच किलोंनी जड असू शकतो. तेवढाच भार पेलायला त्याला हवाही जास्त लागते. 121 इंडेक्सचा ई-श्रेणीचा एलटी टायर 1,450 किलो पेलतो तो 80 पीएसआयला. स्टिकरवरचा दाब एलटी टायरला लागू होत नाही. कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्या.

महामार्ग जास्त, शेताची वाट आणि घाट अधूनमधून, असा वापर असेल तर पॅसेंजर बांधणीचा, पुरेशा इंडेक्सचा टायर घ्या. लिफ्ट न केलेल्या गाडीला मूळ सस्पेन्शन झेपेल असं चाक हवं. आठवड्याला खडीची किंवा खाणीची वाट असेल तरच एलटी.

काळ्या मातीवाल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मराठवाड्यातल्या ओल्या काळ्या चिकणीत कुठल्याही ऑल-टेरेनच्या खाचा पाचपन्नास फुटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. रुंद टायर घेऊन हे सुटत नाही. उलट अरुंद टायर थोडा खोल जाऊन घट्ट थर शोधतो. त्यामुळे "चिखलासाठी 285" हा विचार आपल्या मातीत उलटा पडतो.

## 7. खरेदी

माप निवडताना ते उद्या नांदेडला किंवा सावंतवाडीला मिळेल का, हेही बघा. जून 2020 पासून टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे अनोखी मापं कधी मिळतात, कधी महिनोन्‌महिने नाही. 265/65 आर17 आणि 265/60 आर18 फॉर्च्युनरलाही लागतात, 255/60 आर18 स्कॉर्पिओ-एनला, 255/65 आर18 थारला. ही मापं तालुक्याच्या गावातही सापडण्याची शक्यता जास्त.

- पाच टायर घ्या, चार नाही. नव्या मापाच्या चार टायरांबरोबर जुन्या मापाची स्टेपनी लावून 4×4 मध्ये गाडी चालवली तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.
- मोठा टायर ट्रेच्या खाली स्टेपनीच्या जागी चढतो का, तेही आधी मोजा. हे जवळजवळ कोणीच बघत नाही.
- साईडवॉलवरच्या तारखेचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. पाचही टायर जवळजवळच्या आठवड्यांतले घ्या, वर्षाहून जुने नकोत.
- आयएसआय चिन्ह बघा आणि बिलावर पूर्ण माप इंडेक्ससह लिहून घ्या.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. मॅन्युअलमध्ये किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात दिलेलं माप सर्वांत निर्धोक. बाहेरच्या रिम घेतल्या तर विमा कंपनीला लेखी कळवा.

## 8. बसवणं आणि पहिले 100 किलोमीटर

नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने समोरासमोरचे, आणि शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला. हवेच्या गनने शेवटचा आवळा देऊ देऊ नका. बॅलन्सिंग पाचही चाकांचं, अलाइनमेंट त्याच दिवशी.

दुकानातून निघण्याआधी तिथेच दोन्ही बाजूंना फुल लॉक, पुढे आणि मागे. मग माणसं आणि सामान भरून मोठ्या गतिरोधकावरून तिरपे जा. लायनरवर काळी चमकदार रेघ दिसली तर टायर घासतोय. नुसतं मडफ्लॅपचं टोक लागत असेल तर ते कापता येतं. धातूला लागत असेल तर माप चुकलं आहे. हातोडीने जोडपट्टी ठोकून बसवू नका, कारण ठोकलेल्या जागी रंग फुटतो आणि दोन पावसाळ्यांत गंज केबिनच्या पत्र्यात जातो.

हवा ठरवायला खडूची चाचणी करा. सपाट डांबरी रस्त्यावर टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूने आडवी रेघ ओढा आणि शंभर फूट सरळ चालवा. मधला खडू आधी गेला तर हवा जास्त, कडेचा आधी गेला तर कमी. नेहमीच्या भारावर रेघ सारखी पुसली जाईल तो दाब वहीत लिहून ठेवा. पॅसेंजर बांधणीच्या टायरला तो स्टिकरपेक्षा कमी येत असला तरी स्टिकरच्या खाली जाऊ नका.

फोनवरच्या जीपीएसचा वेग आणि काट्याचा वेग 40, 60 आणि 80 ला ताडून बघा. फरक लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे गाडी चालवणाऱ्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळेल. ओल्या रस्त्यावर ब्रेकला जुन्या टायरपेक्षा जास्त अंतर लागेल. पहिला पाऊस पडला की मोकळ्या रस्त्यावर एकदा हे अजमावून बघा, घाटात नाही.

50 ते 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. स्टेपनीचीही हवा बघा.